व्हेंटिलेटर कधी काढायचा, हे नेमके कशावरून ठरते?

कृष्णाकाठची

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे विडी ओढल्यामुळे त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, आणि न्यूमोनिया झाल्यापासून ते आमच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अर्ध्या तासाची चाचणी घेतली, ‘पास झाले’ असे सांगितले आणि दुपारी नळी काढली. रात्री नऊपर्यंत बाबा घोगऱ्या आवाजात का होईना, आमच्याशी बोलत होते. पहाटे त्यांना धाप लागली, बायपॅपचा, म्हणजे नळीशिवाय दाबाने हवा देणारा मास्क लावून चार-पाच तास वाट पाहिली, आणि शेवटी नळी पुन्हा घालावी लागली. आज नववा दिवस आहे. काल आणि आज घेतलेल्या दोन्ही चाचण्यांत ते नापास झाले. आज तर विसाव्या मिनिटाला वरचा बीपी १९० झाला म्हणून सिस्टरांनी चाचणी थांबवली.

माझा प्रश्न असा आहे की नळी काढायची वेळ झाली, हे डॉक्टर ठरवतात तरी कशावरून? पहिल्या वेळी घाई झाली का? तेव्हा डॉक्टरांनी मला एक आकडा दाखवला होता. तो ८८ होता आणि १०५ च्या खाली असल्यामुळे उत्तम आहे, असे ते म्हणाले होते. आकडा उत्तम असूनही हे का घडले? घरात दोन मते आहेत. काकांचे म्हणणे आहे की आठ दिवस त्यांना शांत पडू द्यावे, रोज सकाळी परीक्षा घेऊन दमवू नये. तर माझा चुलतभाऊ म्हणतो की व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक जादा दिवस महागात पडतो, आणि तो बिलाबद्दल बोलत नाही. आता गळ्याला छिद्र पाडण्यासाठी संमतीही मागितली जाण्याची शक्यता आहे. मला भांडण करायचे नाही, पण उद्या डॉक्टरांसमोर उभी राहीन तेव्हा नेमके काय विचारावे, हे मला कळायला हवे.

दक्षता

ताई, मी गेली चौदा वर्षे अतिदक्षता विभागात काम करतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण आम्ही हा निर्णय कसा घेतो, ते सविस्तर लिहितो.

आधी काका आणि चुलतभावाचा वाद मिटवू. या बाबतीत चुलतभाऊ बरोबर आहेत. श्वासपटल हा छाती आणि पोट यांच्यामधला, श्वास ओढणारा स्नायू आहे आणि यंत्र त्याचे सगळे काम करू लागले की तो आश्चर्य वाटावे इतक्या लवकर झिजतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले होते. अवघे १८ ते ६९ तास श्वासपटल पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या या माणसांत स्नायूतंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ इतरांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले. तेव्हा आठ दिवसांची ‘विश्रांती’ ही बहुतेक वेळा विश्रांती नसते. शिवाय घशातल्या नळीच्या कडेने लाळ खाली झिरपत राहते आणि नव्या न्यूमोनियाची टांगती तलवार डोक्यावर असते.

आम्ही या सगळ्याला ‘वीनिंग’ म्हणतो. बाळाचे अंगावरचे दूध हळूहळू सोडवतात, त्यासाठीचाच हा इंग्रजी शब्द आहे आणि माझ्या मते त्याने बरीच दिशाभूल केली. मदत थोडी थोडी कमी करत न्यायची, अशीच पूर्वी पद्धत होती. १९९५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी चार पद्धतींची तुलना केली, तेव्हा असे दिसले की दिवसातून एकदा मदत काढून रुग्णाला स्वतः श्वास घेऊ दिला, तर यंत्राचे ठरावीक श्वास हळूहळू कमी करण्याच्या पद्धतीपेक्षा नळी साधारण तिप्पट वेगाने निघते. म्हणजे बरेच रुग्ण आधीच तयार झालेले असतात आणि आम्हीच त्यांना विचारलेले नसते. ज्यांनी गोंधळलेल्या अवस्थेत नळी स्वतःच ओढून काढली, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती परत घालावी लागत नाही, ही गोष्ट आम्हा डॉक्टरांनी रोज आठवावी अशी आहे.

म्हणून रोज सकाळी प्रश्न विचारायचा, पण त्याआधी काही गोष्टी पाहायच्या. ज्या आजारासाठी नळी घातली तो उताराला लागला आहे का, ऑक्सिजन ४० ते ५० टक्क्यांवर आणि पीप (श्वास सोडल्यावरही यंत्र फुफ्फुसांत राखते तो दाब) ५ ते ८ वर असताना सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) टिकते का, रक्तदाब टिकवणारी औषधे बंद किंवा अगदी थोडी आहेत का, आणि रुग्ण स्वतःहून श्वास सुरू करतो का. एवढे जमत असेल तर ३० मिनिटांपासून दोन तासांपर्यंतची चाचणी घ्यायची. ती एक तर टी-पीसवर होते, म्हणजे नळीला फक्त ओलसर ऑक्सिजन जोडायचा आणि यंत्र बाजूला. नाही तर यंत्रावरच अगदी थोडा दाब ठेवून होते. श्वासांची गती ३५ च्या वर जाऊन तिथेच राहिली, सॅच्युरेशन ९० च्या खाली आले, नाडी १४० च्या वर गेली, वरचा बीपी १८० च्या पुढे किंवा ९० च्या खाली गेला, दरदरून घाम सुटला किंवा मानेचे स्नायू ताणले जाऊ लागले, तर चाचणी थांबवायची. आजची चाचणी थांबवण्यात सिस्टरांनी काहीही चूक केलेली नाही.

आता तुमच्या ८८ बद्दल. मिनिटाला होणारे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये, असा तो हिशेब आहे. समजा मिनिटाला ३० श्वास होत आहेत आणि प्रत्येक श्वासात ३४० मिलिलिटर हवा आहे, तर ३० भागिले ०.३४, म्हणजे ८८. दमलेला माणूस उथळ आणि भरभर श्वास घेतो, म्हणून आकडा चढतो. १०५ ही मर्यादा १९९१ साली ३६ रुग्णांवरून ठरवली गेली आणि आणखी ६४ रुग्णांवर तपासली गेली. पण ते मोजमाप यंत्रापासून सोडवून, कोणत्याही मदतीविना एक मिनिट श्वास घेऊ देऊन केले होते. तेच यंत्राच्या मदतीवर केले तर आकडा मुळातच कमी, म्हणजे चांगला दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आकडा फक्त एवढेच सांगतो की या घटकेला श्वासाचा भार पेलतो आहे. घसा मोकळा राहील का, कफ बाहेर पडेल का, हृदय पुढचे वीस तास साथ देईल का, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

म्हणजे यंत्र लागते का आणि नळी लागते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चाचणी देते. दुसऱ्यासाठी खोकल्याचा जोर, कफाचे प्रमाण, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते आणि घशाची सूज पाहावी लागते. सूज पाहण्यासाठी नळीभोवतीचा फुगा रिकामा करून कडेने हवा गळते का, ते बघतात; गळत नसेल तर नळी काढण्याआधी काही तास स्टेरॉइड देतात.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवर माझी नजर अडली: पहाटेची धाप आणि १९० चा बीपी. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे छातीत दाब राहतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त थोडे रोखले जाते. माणूस स्वतः हवा ओढू लागला की छातीत उलटा ताण तयार होतो, हृदयाकडे जास्त रक्त येते आणि डाव्या बाजूला जास्त भाराविरुद्ध काम करावे लागते. ज्याचे हृदय आधीच कमजोर आहे किंवा ज्याच्या अंगात आठ दिवसांच्या सलाईनचे पाणी साठले आहे, त्याच्या फुफ्फुसांत अशा वेळी पाणी उतरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की फुफ्फुसे नापास झाली. वडिलांच्या पायांवर सूज आहे का? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आहे का? दाखल झाल्यापासून अंगात किती गेले आणि लघवीवाटे किती निघाले, याचा एकूण हिशेब किती आहे? उद्या हे तीन प्रश्न नक्की विचारा.

आणि घाईबद्दल. ठरल्याप्रमाणे नळी काढलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के रुग्णांना ती परत घालावी लागते. पुन्हा नळी लागली की धोका वाढतो, हे मी लपवणार नाही. पण ज्या विभागात कोणालाच ती परत घालावी लागत नाही, तिथे पुष्कळ रुग्णांची नळी उशिरा काढली जात असते. नळी परत घालावी लागली, एवढ्यावरून निष्काळजीपणा झाला असे म्हणता येत नाही.

भूल_आणि_श्वास

वरच्या बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे. मी भूलतज्ज्ञ असून अर्धा वेळ अतिदक्षता विभागात असते. मात्र दोन ठिकाणी मला वेगळे म्हणायचे आहे.

पहिले, दोन्ही प्रकारच्या चाचण्या जणू एकच आहेत असे वरून वाटते, तसे नाही. २०१९ साली स्पेनमध्ये ११५३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात थोड्या दाबाची अर्ध्या तासाची सोपी चाचणी आणि दोन तासांची टी-पीस यांची तुलना झाली. सोप्या चाचणीच्या गटात ८२ टक्के रुग्ण यंत्रातून सुटले, तर टी-पीसच्या गटात ७४ टक्के. म्हणून सरसकट सगळ्यांसाठी सोपी चाचणी चांगली, हे मला मान्य आहे. पण २०२२ साली फ्रान्समध्ये खास जास्त धोक्याच्या रुग्णांवर, म्हणजे वयस्कर किंवा हृदय-फुफ्फुसांचा जुना आजार असलेल्यांवर अभ्यास झाला, तेव्हा एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही. बाबांसारख्या, एकदा नळी परत लागलेल्या माणसासाठी मी स्वतः टी-पीसच घेईन, कारण हृदयावरचा भार यंत्राच्या आधाराने झाकला जात नाही आणि जे पहाटे चार वाजता उघडकीला यायचे ते सकाळी दहा वाजता, सगळे जागे असताना उघडकीला येते. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

दुसरे म्हणजे मास्क. याबद्दल वरच्या उत्तरात काहीच नाही आणि मला तर या प्रकरणात तोच कळीचा मुद्दा वाटतो. सीओपीडीच्या ज्या रुग्णाच्या रक्तात चाचणीच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर असतो, त्याला नळी काढल्याबरोबर, धाप लागायच्या आधीच, मास्कवर घेतले तर फायदा होतो. धाप लागल्यानंतर मास्क लावून वाट पाहत बसणे मात्र वेगळे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नळी काढल्यानंतर दम लागलेल्या रुग्णांत मास्कच्या गटातले मृत्यू २५ टक्के होते आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १४ टक्के, कारण मास्कमुळे परत नळी घालायला उशीर होत होता. त्या अभ्यासात सीओपीडीचे रुग्ण थोडेच होते, त्यामुळे तो निष्कर्ष बाबांना जसाच्या तसा लावणे योग्य नाही. पण पुढच्या वेळी मास्क उशाशी तयार असावा आणि पहिल्या मिनिटापासून लावावा, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. कार्बन डायऑक्साइड निरोगी माणसासारखा ४० वर आणण्याचा हट्टही नको. विडीने झिजलेल्या फुफ्फुसांना वर्षानुवर्षे ५० ची सवय असेल, तर ५० हाच त्यांचा आकडा.

गळ्याच्या छिद्राबद्दल थोडक्यात. ट्रॅकिऑस्टॉमी लवकर करण्याने जीव जास्त वाचतात का, हे ब्रिटनमध्ये पाहिले गेले आणि २०१३ साली निष्कर्ष आले: पहिल्या चार दिवसांत करा किंवा दहा दिवस थांबा, मृत्यूंत फरक पडला नाही, आणि थांबलेल्या गटात निम्म्याहून कमी रुग्णांना ती करावी लागली. त्यामुळे नवव्या दिवशी, दुरुस्त करता येण्याजोगे कारण शोधणे चालू असताना, दोन-तीन दिवस थांबण्याने काही बिघडत नाही. पण पुढे लागलीच तर तिला शेवट समजू नका. गुंगीचे औषध कमी लागते, कफ काढणे सोपे जाते, आणि श्वास सुधारला की ती काढता येते.

रात्रपाळी

मी एका सरकारी रुग्णालयात १९ वर्षे आयसीयू सिस्टर आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या अभ्यासांवर मी बोलणार नाही, पण खाटेपाशी जे दिसते ते सांगते.

सकाळची चाचणी आदल्या रात्री ठरते. रात्रभर गुंगीचे औषध जोरात चालू ठेवले आणि सकाळी आठला बंद केले, तर नऊ वाजता पेशंट डोळेही उघडत नाही आणि कागदावर ‘नापास’ लिहिले जाते. त्यामुळे आम्ही पहाटेच औषध थांबवतो, पेशंट जागा होऊन सांगितलेले ऐकतो का ते पाहतो, मग सक्शन करून, म्हणजे नळीतला कफ ओढून काढून, पाठ उंच करून, तोंड पुसून चाचणीला बसवतो. रात्री दिवे मंद ठेवा आणि दर तासाला उगाच हलवू नका, एवढ्यानेही सकाळ वेगळी उजाडते. तुम्ही एक करा: बाबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर ते घरून आणून द्या. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तो माणूस घाबरून मिनिटाला चाळीस श्वास घेतो, आणि आपण म्हणतो फुफ्फुसे कमजोर.

कफाचे काम डोळ्यांनी मोजता येते. दोन तासांत एकापेक्षा जास्त वेळा सक्शन लागत असेल तर मी डॉक्टरांना नळी काढण्याआधी थांबायला सांगते. आमच्या इथे एक साधी युक्तीही करतात. नळीच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरे कार्ड धरायचे आणि तीन-चार वेळा जोरात खोकायला सांगायचे. कार्डावर ओले शिंतोडे उडाले तर खोकल्यात दम आहे. कार्ड कोरडे राहिले तर आकडे कितीही गोंडस असोत, मला विश्वास वाटत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात मण्यार चावलेले आणि वर्षभर कीटकनाशक प्यायलेले पेशंट येतात. त्यांची फुफ्फुसे ठणठणीत असतात, ऑक्सिजन शंभर दाखवतो, माणूस पापण्या उचलून खुणाही करतो, आणि नवख्या डॉक्टरांना नळी काढायचा मोह होतो. पण विषाने लुळे पडलेले स्नायू अजून सावरलेले नसतात. कीटकनाशकाच्या पेशंटला तर पहिले संकट टळल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू नव्याने लुळे पडू शकतात. तिथे आमची परीक्षा एकच: उशीवरून डोके उचला आणि मी पाच म्हणेपर्यंत धरून ठेवा. बाबांचा आजार वेगळा आहे, पण नऊ दिवस अंथरुणावर पडलेल्या कोणाचीही मान एकदा अशी बघायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट, शब्दाची. ‘आज व्हेंटिलेटर काढतोय’ असे आमच्या एका डॉक्टरांनी नातेवाइकांना दारातून सांगितले, तेव्हा गावाकडून दोन जीप भरून माणसे निरोप घ्यायला आली होती. पेशंट सुधारला म्हणून नळी काढणे वेगळे, आणि आशा उरली नाही म्हणून उपचार थांबवणे वेगळे. दुसऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेली आणि २०२३ मध्ये थोडी सुटसुटीत केलेली स्वतंत्र प्रक्रिया आहे, त्यात डॉक्टरांची दोन मंडळे बसतात. घरातल्या वयस्कर माणसांना हा फरक तुम्हीच आधी समजावून सांगा.

कृष्णाकाठची

आज अकरावा दिवस. तुम्हा तिघांचे म्हणणे वहीत लिहून घेऊन गेले होते. डॉक्टरांना राग येईल अशी भीती होती, पण त्यांनी खुर्ची दिली आणि वीस मिनिटे बोलले. पायांवर सूज होतीच. इको परवा झाला, हृदयाची डावी बाजू कमजोर निघाली आणि दाखल झाल्यापासून चार लिटर पाणी अंगात जादा साठल्याचा हिशेब निघाला. लघवीच्या औषधाने दोन दिवसांत अडीच लिटर उतरले. आज सकाळी टी-पीसवर एक तास ठेवले; बीपी १५० च्या आत राहिला आणि कार्बन डायऑक्साइड ४९ आला. मी कार्डाबद्दल विचारल्यावर तिथल्या सिस्टर हसल्या, पण त्यांनी जेवणाच्या ट्रेवरचे कार्ड घेऊन पाहिले, आणि दुसऱ्याच खोकल्याला ते ओले झाले. अकरा वाजता नळी काढली आणि लगेच मास्क लावला. डोळ्यांवर चष्मा आहे.

आता दोन शंका आहेत. किती तास गेले म्हणजे आपण सुटलो असे समजायचे? आणि मास्क थोडा वेळ बाजूला केला की बाबा चहा मागतात, तो द्यावा का?

दक्षता

४८ तास हा जुना हिशेब आहे. पण मास्कवर असलेल्या रुग्णाची अडचण उशिरा उघड होऊ शकते, म्हणून अलीकडे अशांसाठी सात दिवसांची मुदत धरली जाते. लघवीचे औषध एवढ्यात बंद होणार नाही ना, तेवढे पाहा.

रात्रपाळी

चहा आज नको. नळीमुळे घसा बधिर झालेला असतो आणि घोट श्वासनलिकेत गेला तरी ठसका येतोच असे नाही. उद्या सिस्टरांना गिळणे तपासायला सांगा. ताठ बसवून आधी चमचाभर पाणी द्यायचे, आवाज ओलसर होतो का ते ऐकायचे, आणि ते जमले की मग चहा, तोही बशीतून नाही, चमच्याने.